मुंगळा कुठं चुकला

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज मुंगळ्याला वाट शिकवली. एकदाच. मी एकतीस वर्षं तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि एकही धडा दोनदा शिकवला नाही. यंत्रासाठी नियम बदलण्याचं कारण दिसत नाही.

वाट अशी. मार्गासनीच्या वरच्या अंगाला टेपाडावर सात घरांची वस्ती आहे. तिथल्या सावळारामच्या गोठ्यापासून खाली डांबरी रस्त्यापर्यंत सातशे मीटरची पायवाट. रस्त्यावर सकाळी साडेसातला दुधाचा टेम्पो येतो आणि कोणासाठी थांबत नाही. सावळाराम अडुसष्ट वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेले. तरी दोन म्हशींचं दूध किटलीत भरून रोज खाली नेतो. बायको रतनबाई धार काढते, पण तिच्या डोळ्यांना उतार दिसत नाही. मुलगा धनाजी पुण्यात असतो. त्याने सांगून ठेवलंय, अक्षय्य तृतीयेपर्यंत दुधाची सोय झाली तर ठीक, नाहीतर म्हशी विकायच्या आणि दोघांनी पुण्याला यायचं. सावळारामला जायचं नाही. “म्हशी ऱ्हायल्या तर आमी ऱ्हातो,” एवढंच म्हणतो.

धनाजी हा सौदामिनीचा विद्यार्थी. ती म्हणजे आमची मंडळी; त्या भागातल्या शाळांवर बावीस वर्षं शिक्षिका होती, त्यामुळे ही वाट मला तिच्या ओळखीने मिळाली. याची ती दिवसातून एकदा तरी आठवण करून देते.

आमचा मुंगळा म्हणजे परातीएवढी चार चाकांची गाडी, वर किटलीसाठी खोबण. उपग्रहाची मदत नाही, नकाशा नाही. खऱ्या मुंगळ्याची नजर अधू असते, तरी तो बिळापासून लांब जाऊन नेमका परत येतो. कसा? आकाश उजळ, झाडं-डोंगर काळे, आणि त्या दोघांमधली जी कड दिसते ती त्याच्या लक्षात राहते. आमचा मुंगळाही तेच करतो. एक साधा कॅमेरा, त्यावर घुमटाकार आरसा, म्हणजे चारी बाजू एकदम दिसतात. चित्र मुद्दामच ढोबळ, थोड्याशा ठिपक्यांचं. मी पुढे चाललो, तो मागून आला, वीस मिनिटांत वाट त्याच्या डोक्यात गेली.

प्रोग्रॅम श्रेयसने लिहिला. माझा जुना विद्यार्थी, पुण्यात नोकरीला. हुशार आहे, म्हणूनच त्याच्यावर लक्ष ठेवून असतो. पूर्वी एका सहकाऱ्याने माझं यंत्र स्वतःच्या नावावर स्पर्धेत मांडून बक्षीस नेलं होतं. तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो.

भोरहून रोज ने-आण जमणार नाही, म्हणून मुंगळा गोठ्याशेजारच्या पडवीत ठेवला. कुलपाची किल्ली माझ्याकडे. शिवाय झाकणाच्या चारी स्क्रूंवर कुंकवाचे बारीक ठिपके लावलेत. कोणी पेचकस लावला तर ठिपका मोडेल. सौदामिनी म्हणाली, “सुवासिनी झाली तुमची गाडी.” हसू दे.

९ फेब्रुवारी

सहा फेऱ्या, सहाही बिनचूक! रिकामी किटली, मग पाणी भरलेली, मग खरं दूध. टेम्पोवाला ज्ञानू गाडीतून उतरून बघत राहिला. मला इतका आनंद झाला की रतनबाईने दिलेला गुळाचा चहा मी दोनदा घेतला.

एकच उणं. ऐनाच्या झाडांखालून वाट जाते तिथे सकाळी सातला काळोख असतो. मुंगळा तिथे रेंगाळतो, मग पुढे जातो. सावळारामला तसं सांगितलं.

“अंधार लई हुतोय व्हय तितं?”

“हो ना. जरा उजेड असता तर बरं झालं असतं.”

“उजेड करता येतोय की,” तो म्हणाला.

मी हसलो. यांना वाटतं, एक बल्ब टांगला की झालं.

१६ फेब्रुवारी

चुकला. ऐनांपाशी पोचला, स्वतःभोवती दीड गिरकी घेतली आणि थेट खाचराच्या बांधावरून खाली. किटलीत पाणी होतं म्हणून निभावलं. उचलून वीस पावलं पुढे ठेवला तर तिथून नीट गेला.

गंमत म्हणजे आज तिथे काळोखही नव्हता. लख्ख उजेड पायवाटेवर पडला होता. काळोखात रेंगाळणारा मुंगळा उजेडात चुकतो, हे तर्कात बसत नाही. आरसा पुसला. ठिपके तपासले, चारही शाबूत.

सावळाराम बांधावर उभा होता. हातात कोयता, पायाशी टहाळाचा हा मोठा भारा. राबाचे दिवस आहेत, भाताच्या रोपासाठी ही मंडळी पाला पसरून जमीन भाजतात. मला बघून खुशीत म्हणाला, “आता कसं वाटतंय? झाली का सोय?”

“काय सोय? चुकला तुमचा मुंगळा.”

त्याचा चेहरा उतरला. “चुकली? कुठं चुकली?” त्याने मला हाताला धरून नेलं आणि नेमकी जागा दाखवायला लावली. मग एकदा गाडीकडे, एकदा वर बघून पुटपुटला, “अजून कमी पडतंय म्हनायचं.”

काय कमी पडतंय, ते मी विचारलं नाही. यंत्रातलं त्याला काय कळणार.

१९ फेब्रुवारी

श्रेयसचा मेसेज: “सर, तुम्ही पाठवलेले आकडे पाहिले. परिसरात काही बदललंय का? एकदा वाट पुन्हा शिकवू या. रविवारी मी येतो.”

वीस मिनिटांच्या कामासाठी पुण्याहून धडपडत यायची याला काय घाई? आकडे मी पाठवतो, पण चित्रं कार्डावर असतात, कार्ड माझ्याकडे. ते याला हवंय. आणि ‘पुन्हा शिकवू या’ म्हणजे काय? परीक्षेत नापास झालेल्याला उत्तरपत्रिका पुन्हा लिहू द्यायची? मी कळवलं, “परिसर आहे तिथेच आहे. येण्याची गरज नाही.”

२३ फेब्रुवारी

आज दोन ठिकाणी. ऐनांपाशी पुन्हा, आणि त्याच्या खाली मोठ्या धोंड्याजवळ, जिथे आजवर कधीच चुकला नव्हता. ज्ञानूचा टेम्पो हॉर्न देऊन निघून गेला. सावळारामने किटली माझ्या हातून घेतली आणि पुढच्या वळणापर्यंत टेम्पोमागे चालत गेला. परत आला तेव्हा गुडघा धरून बांधावर बसला. मला वाईट वाटलं, पण माणूस मान खाली घालून फक्त एकच प्रश्न विचारत होता, “धोंड्याच्या ह्या अंगाला चुकली का त्या अंगाला?”

ह्या अंगाला, मी सांगितलं. घरी येताना स्कूटरवर मनात आलं, याला अंग कशाला हवंय?

२ मार्च

तीन ठिकाणी. नवं ठिकाण ओढ्याच्या वळणावरचं, सावळारामने तेही विचारून घेतलं. धोंड्याच्या अलीकडे तर मुंगळा जागेवरच भोवऱ्यासारखा फिरला. आता मला हा यंत्राचा दोष वाटत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

घडलेलं जसंच्या तसं लिहितो. पहिल्या रविवारी सगळं ठीक. दुसऱ्या रविवारी सावळारामला एक जागा सांगितली, तिसऱ्या रविवारी मुंगळा तिथे चुकला. मग तो कुठे चुकला ते त्याने बारकाईने विचारून घेतलं. पुढच्या रविवारी तिथे आणि आसपास आणखी चुकला. पडवी त्याची, आठवड्याचे सहा दिवस यंत्र त्याच्या दारात. ठिपके शाबूत आहेत, म्हणजे झाकण न उघडता काहीतरी करतो. माणूस दिसतो त्याहून हुशार आहे.

रतनबाईने आज चहा आणून ठेवला आणि नवऱ्याकडे रागाने बघत आत गेली. घरात काहीतरी शिजतंय आणि बाईला ते पसंत नाही, एवढं मला कळतं.

सौदामिनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “गाडी चालली नाही तर म्हशी त्याच्या जाणार, घर त्याचं सुटणार. तो का बिघडवेल?”

“तेच तर शोधायचंय,” मी म्हणालो.

“तुम्हाला देवळातला देवसुद्धा डोळा मारतो असं वाटतं,” ती म्हणाली आणि मेथी घेऊन उठली.

५ मार्च

कारण सापडलं! काल धनाजीचा सौदामिनीला फोन आला होता. बोलता बोलता म्हणाला, “आबांचं हल्ली काय खरं न्हाई बाई. दिवसभर झाडावर असत्यात. गुडघ्यानं चालवत न्हाई आन् झाडावर चढत्यात. म्या आईला म्हणलं, हितं आणून बसवतो.”

म्हणजे गुडघे तितके गेलेले नाहीत! झाडावर चढणारा माणूस किटली नेऊ शकत नाही? आता सगळं जुळतं. त्यालाच पुण्याला जायचंय. मुलाच्या घरात आराम, टीव्ही, नळाचं पाणी. पण रतनबाईचा जीव म्हशींत, तिच्यापुढे तोंडाने बोलायची सोय नाही. मग यंत्र अपयशी ठरलं की आपोआप सुटका. बोलून वाईट व्हायला नको, सगळा दोष भोरच्या मास्तरावर.

हे सुचल्यावर मला, खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. चूक मुंगळ्याची नव्हती.

९ मार्च

आज सापळा लावला. वाटेच्या खालच्या टोकाला म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड आहे. तिथे मुंगळा आजवर एकदाही चुकलेला नाही, आजही नाही. परत आल्यावर मी सावळारामला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “आज म्हसोबापाशी चुकला. बाकी ठीक.”

त्याने खालच्या वाटेकडे बघितलं. मग म्हणाला, “म्हसुबापाशी? नक्की?”

“नक्की.”

“तितं...” असं म्हणून घराकडे बघितलं आणि आवाज उतरवला. “बरं. बगतो काय हुतंय ते.”

चलबिचल मी डोळ्यांनी पाहिली. खाई त्याला खवखवे. ही जागा मी श्रेयसला नाही, सौदामिनीला नाही, फक्त त्यालाच सांगितली आहे. पुढच्या रविवारी मुंगळा म्हसोबापाशी चुकला, तर जगात एकच माणूस जबाबदार.

१६ मार्च

मुंगळा म्हसोबापाशी चुकला.

दगडाच्या चार पावलं अलीकडे थांबला, डावीकडे वळला, करवंदीच्या जाळीत शिरला आणि किटली लवंडली. आज आत दूध होतं. मी ते मातीत जिरताना बघत होतो आणि मला राग येण्याऐवजी जिंकल्यासारखं झालं होतं. आता लिहिताना ते चमत्कारिक वाटतंय, पण तसंच होतं.

वर गेलो. सावळाराम ओट्यावर गुडघ्याला रुईचं पान बांधत होता. शेजारचे दोघं-तिघं होते. मी सगळ्यांसमोर बोललो. म्हणालो, मागच्या रविवारी मी तुम्हाला खोटं सांगितलं. म्हसोबापाशी तो कधी चुकलाच नव्हता. तुम्हाला सांगितलं आणि आज बरोबर तिथे चुकला. याचा अर्थ काय?

“म्या काय केलं सायेब?”

“ते तुम्हालाच माहीत. पुण्याला जायचं असेल तर बायकोला तोंडावर सांगा. माझ्या यंत्राच्या आडून कशाला?”

रतनबाई दारात आली. तिचा आवाज एवढा मोठा असेल असं वाटलं नव्हतं. “पुन्याला? ह्यांना पुन्याला जायचंय? अवो, तुमच्या त्या गाडीपाई ह्यांनी माजा हिरडा...”

“गप गं,” सावळाराम म्हणाला.

“का गप? आज धा साल त्या हिरड्याला...”

“गप म्हणलं ना!” तो उठला. उठायला त्याला खांब धरावा लागला. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, “तुमी खोटं सांगितलं व्हतं?”

“सापळा होता तो.”

“बरं,” तो म्हणाला. “आसंल. तुमी म्हंता तर तसं आसंल.”

आत गेला. शेजाऱ्यांतला एक जण माझ्याकडे बघून थुंकला, म्हणजे बाजूला थुंकला, पण माझ्याकडे बघून. मी मुंगळा स्कूटरला बांधून घरी आणला.

हिरड्याचं काय ते कळलं नाही. हिरड्याची फळं ही मंडळी व्यापाऱ्याला घालतात, त्यातला काही व्यवहार असावा. बाई फोडणार होती, याने दाबलं. त्याने काहीच नाकारलं नाही, हे मात्र महत्त्वाचं.

१८ मार्च

सौदामिनी कालपासून कामापुरतं बोलते. “पुरावा आहे,” मी म्हणालो. “असू दे,” ती म्हणाली.

श्रेयसचे तीन मेसेज. उत्तर दिलं नाही.

झोप लागत नाही. मी बरोबर आहे तर मला झोप का लागू नये?

२४ मार्च

संध्याकाळी धनाजीचा फोन. या वेळी सौदामिनीने फोन माझ्याच हातात दिला. “सर, आबांनी सौताहून म्हशी इकायला सांगितल्या. तितीयेची वाट बगायची न्हाई म्हणले. उत्रोलीचं गिऱ्हाईक हाय, पाडव्याला घेऊन जाणार. गेल्या सा महिन्यांत म्या शंभरदा म्हणलो तवा ऐकलं न्हाई, आन् आता एकदम? तितं काय झालं का?”

“मला काय माहीत,” मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर स्वतःशी म्हटलं, बघ, माझं खरं ठरलं. त्याला जायचंच होतं. पण मनात हे दोनदा म्हणावं लागलं.

२७ मार्च

आज लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो.

दुपारी कार्डावरची चित्रं संगणकावर लावली होती. काय शोधत होतो मलाच ठाऊक नाही. मी आजवर आकडेच बघत आलोय, किती जुळलं, किती नाही. चित्रं ढोबळ ठिपक्यांची, त्यात माणसाने बघण्यासारखं काही नसतं असा माझा समज. सौदामिनी चहा ठेवायला आली. पडद्यावर म्हसोबाच्या जागेची दोन चित्रं शेजारी शेजारी होती, एक २ फेब्रुवारीचं, एक १६ मार्चचं.

ती कप हातात धरून उभीच राहिली. “अहो, हिरडा कुठे गेला?”

“कुठला हिरडा?”

“म्हसोबावरचा. एवढा घुमटासारखा. मी तिथल्या शाळेत होते तेव्हा पोरं त्याखाली फळं वेचायची. हे बघा, इथे आहे.” तिने पहिल्या चित्रातल्या काळ्या ढिगावर बोट ठेवलं. “आणि इथे नुसता सोटा आहे. तोडलाय कोणीतरी. राबाला हिरडा तोडत नाहीत हो, फळांचं झाड ते.”

मग मी एकेक जोडी लावत गेलो. ऐन होते तिथे काठ्या. धोंड्यावरचं झाड, बोडकं. ओढ्याच्या वळणावरची दोन, बोडकी. तारखांनी लावलं तर प्रत्येक झाड मी सावळारामला जागा सांगितल्यानंतर तोडलं गेलं होतं. ‘जरा उजेड असता तर बरं झालं असतं.’ हे माझे शब्द. तो उजेड करत होता. गुडघ्याला पान बांधून, झाडावर चढून, माझ्या गाडीला दिसावं म्हणून. चुकली म्हटलं की आणखी उजेड. आणि मुंगळा तर झाडांच्या त्या कडेवरच वाट ओळखणारा.

शेवटी मी खोटं बोललो आणि त्याने हिरडा तोडला. चुकण्याची जागा मीच तयार केली.

सौदामिनीने हातातला कप टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “सहा आठवडे त्या वाटेने जाताय. गाडी वर बघून चालते म्हणून जगाला सांगता. तुम्ही एकदाही मान वर केली नाहीत?”

श्रेयसला फोन केला. त्याचं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं. तो एवढंच म्हणाला, “सर, शिकवा ना पुन्हा. वीस मिनिटं लागतात.”

२८ मार्च

सकाळी मुंगळा स्कूटरला बांधून निघालो. या वेळी वाटेवर प्रत्येक ठिकाणी थांबलो आणि वर बघितलं. ऐनाच्या सोट्यांवर कोयत्याचे घाव स्वच्छ, एकसारखे. वरचे घाव माझ्या दुप्पट उंचीवर होते. हिरड्याच्या बुंध्याला हात लावला आणि तिथेच थोडा वेळ बसलो.

सावळाराम गोठ्यात शेण काढत होता. मी म्हणालो, “चुकलं माझं.” आणि सगळं सांगितलं, कड, चित्रं, झाडं. तो फावडं टेकून ऐकत होता.

“म्हंजी गाडी झाडं बगून चालती?”

“हो.”

“आन् म्या झाडंच तोडत हुतो.” तो हसला. खरंच हसला. “मला वाटलं गाडीला सावलीचं भ्या वाटतंय. लहान वासराला वाटतं तसं.”

“तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत? झाडं तुमच्या गाडीसाठीच तोडली, एवढं म्हणायचं होतं.”

“तुमी इचारलंत कुठं? तुमी सांगितलंत.”

रतनबाई पाठमोरी होती. तिने वळून बघितलं नाही.

मी म्हणालो, अजूनही वेळ गेलेली नाही. गाडी ठीक आहे. आहे तशा वाटेवरून पुन्हा एकदा चालवली की शिकेल. पावसाळ्यात झाडं फुटली की पुन्हा शिकवू. दर महिन्याला शिकवू. मी येईन. म्हशी विकू नका, उत्रोलीवाल्याला मी समजावतो, धनाजीशी मी बोलतो.

“किती येळ लागतोय शिकवायला?”

“वीस मिनिटं.”

“वीस मिन्टं,” तो म्हणाला. “मग तवाच का न्हाई शिकवली?”

एकतीस वर्षांचा नियम माझ्या तोंडाशी आला. त्या गोठ्यात उभं राहून मला तो उच्चारताच येईना.

तो फावडं बाजूला ठेवून गव्हाणीच्या काठावर बसला. “सायेब, तुमी आलात, चुकलं म्हणलात, मोठं काम केलंत. आमच्यात कुनी म्हनत न्हाई. पर म्या एक इचारतो. उद्या पानकळ्यात गाडी परत आडली. मी पडवीत, तुमी भोरात. तवा तुमी पयलं कुनाकडं बगनार?”

“तुमच्याकडे नाही.”

मी ते फार लवकर म्हणालो. त्यालाही ते कळलं.

“शब्द दिलाय गिऱ्हाइकाला,” तो म्हणाला. “म्हशी जातील.”

तरीही मी दुपारी मुंगळ्याला पडवीतून चालवत खाली नेलं. मी पुढे, तो मागे. नंतर एकट्याला सोडला, चार फेऱ्या, चारही बिनचूक. ओट्यावरून कोणी बघितलं की नाही ठाऊक नाही. मी मागे वळलो नाही, धीर झाला नाही.

३० मार्च, पाडवा

पहाटेच मुंगळा घेऊन निघालो. घरची गुढी सौदामिनीने एकटीने उभारली. म्हणाली, “जा तुम्ही. आणि तिथे बोलू नका फार.”

उत्रोलीचा माणूस सातला टेम्पो घेऊन रस्त्यावर आला. पाडव्याला म्हैस दारात येणं त्याला शुभ. ज्याच्या दारातून ती जाते त्याच्याबद्दल मुहूर्तात काही लिहिलेलं नसतं. रतनबाईने शेवटची धार काढली. किटली भरली. मी मुंगळ्याकडे बघितलं, पण म्हणालो काहीच नाही. म्हणायचा हक्क राहिलेला नव्हता.

सावळारामनेच किटली उचलली, मुंगळ्याच्या खोबणीत ठेवली, हलवून घट्ट बसल्याची खात्री केली. “सोडा,” म्हणाला. “बगू तर द्या मला, काय करायची व्हती ती.”

मुंगळा निघाला. त्याच्यामागे दोन्ही म्हशी, दोऱ्या सावळारामच्या हातात, आणि सगळ्यांच्या मागे मी. रतनबाई गोठ्याच्या दारात राहिली. बोडक्या ऐनांमधून मुंगळा सरळ गेला, जरासाही रेंगाळला नाही. धोंड्याला वळसा, ओढ्याचं वळण, म्हसोबा. म्हशी त्याच्या मागोमाग चालत होत्या, जणू रोजचंच. सावळाराम प्रत्येक झाडापाशी थांबून आधी झाडाकडे, मग गाडीकडे बघायचा. म्हसोबापाशी तो जरा जास्त वेळ थांबला. मला वाटलं, गुडघा दुखतोय. मी हात पुढे केला. त्याने तो घेतला नाही, पण झटकलाही नाही.

सात पंचवीसला आम्ही डांबरीवर होतो. पाच मिनिटं आधीच.

म्हशी उत्रोलीवाल्याच्या टेम्पोत चढायला तयार नव्हत्या. सावळाराम स्वतः टेम्पोत चढला, त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला, मग त्या चढल्या. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या हातात नुसत्या दोऱ्या होत्या. त्या त्याने गुंडाळून खांद्यावर टाकल्या आणि वस्तीच्या दिशेने चालू लागला. माझ्याकडे बघून मान हलवली. निरोपाची होती की नव्हती, मला सांगता येणार नाही. या वेळी मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

तेवढ्यात ज्ञानू आला. मुंगळ्यावरची किटली बघून त्याने टेम्पो बंद केला, खाली उतरला, वाकून गाडीला दोन्ही बाजूंनी निरखलं. दूध मोजून ओतून घेतलं आणि मला टाळी द्यायला हात पुढे केला.

“झाक चालली की सायेब! माणसाबिगर आली व्हय? उद्यापास्नं रोज का?”

मी त्याला सांगितलं, उद्यापासून दूध नाही.